कर्ज फिटलं, पण चूल पेटली का?

१९८१-८२ साली केंद्र सरकारची राष्ट्रीय बायोगॅस योजना आली. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आमच्या शाखेत गोबरगॅसच्या कर्जप्रकरणांची रीघ लागली. काही वाटा सरकारी अनुदानाचा, बाकी बँकेचे कर्ज. मीही उत्साहाने सह्या केल्या. सरपणाची तोड थांबेल, बायांचे डोळे धुरातून सुटतील, ही आशा खोटी नव्हती.

काही वर्षांनी एका वस्तीवर तपासणीला गेलो. हप्ते वेळेवर, खाते स्वच्छ. गॅसच्या टाकीवर मात्र कोंबड्या बसलेल्या! घरची बाई चुलीत काटक्या सारत म्हणाली, ‘‘सायेब, दुष्काळात जनावरं इकली. शेण आणायचं कुठनं?’’ मी शेरा मारला : ‘कर्ज नियमित’. तो शेरा अजून मनाला टोचतो.

आज तीच रीघ सौरपंपांसाठी आहे. २०१९च्या ‘कुसुम’ योजनेत केंद्राचे ३० टक्के, राज्याचे किमान ३० टक्के आणि उरलेल्यातले ३० टक्क्यांपर्यंत बँकेचे कर्ज, अशी मांडणी झाली. महाराष्ट्राच्या २०२४च्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्केच भरायचे. डिझेलचा धूर थांबतो, रात्रीच्या विजेसाठीचे जागरण टळते. सवलत नसती तर लहान शेतकऱ्याला हे झेपलेच नसते.

पण डिझेल महाग होते म्हणून पंप कधीतरी बंद व्हायचा. ऊन फुकट, तो दिवसभर चालणार. मग विहिरीचे काय?

उत्तर याच जिल्ह्यात आहे. हिवरे बाजारला पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गावाने ओघळ अडवले, शेतीसाठी बोअर बंद केल्या. पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडायचा आणि मग पिके ठरवायची. ताळेबंद आम्ही बँकवाल्यांनी आयुष्यभर मांडला, पण फक्त पैशांचा. या गावाने पाण्याचा मांडला.

स्वस्त कर्ज हवेच. मात्र सवलत वस्तू विकत घेतल्याबद्दल नव्हे, ती चालल्याबद्दल मिळावी. काही भाग मागे ठेवावा आणि दोन-तीन वर्षांनी संयंत्र चालू असेल, गावाचा पाण्याचा हिशेब जुळत असेल, तेव्हा द्यावा. अधिकाऱ्यानेही खातेवही मिटण्याआधी स्वयंपाकघरात आणि विहिरीत डोकवावे.

मी ते सह्या करण्याआधी केले असते, तर गोठ्यात जनावरे किती आणि दुष्काळात ती टिकतील का, एवढे तरी विचारले असते.