जपानी घरांतील एकत्र जेवण



जपानी घराची गोष्ट निघाली म्हणजे बहुतेक लोक त्याच्या साधेपणाचें कौतुक करून थांबतात. खोली रिकामी, भिंती सरकत्या, कोनाड्यांत एक चित्र आणि एक फूल, एवढें सांगितलें कीं विषय संपला असें वाटतें. परंतु ही खोली रिकामी ठेवावयाची ती कशासाठीं, हा प्रश्न तसाच राहतो. मला त्याचें उत्तर त्या घरांतील जेवणांत सांपडतें. म्हणून घर, हातकाम आणि जेवण या तिहींचा आज एकत्र विचार करूं.

प्रथम घर पाहूं. जुन्या पद्धतीच्या जपानी खोलीचें माप चटयांत सांगतात. 'तातामि' नांवाची ही जाड चटई सुमारें ६ फूट लांब व ३ फूट रुंद असते. आंत भाताच्या पेंढ्याचा दाबून बसविलेला थर, आणि वर लव्हाळ्याचें विणकाम. साडेचार चटयांची खोली, सहा चटयांची खोली, असें म्हटलें कीं ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें ती उभी राहते. पादत्राणें दाराशींच काढावयाचीं, कारण जमीन हीच बसण्याची व निजण्याची जागा. रात्रीं गाद्या कपाटांतून बाहेर येतात, सकाळीं परत आंत जातात, आणि तीच खोली बैठकीची व जेवणाची होते. एका खोलीनें दिवसांतून तीन कामें करावयाचीं, तर तिच्यांत जड सामान ठेवून कसें चालेल? तेव्हां तेथील रिकामेपणा ही विरक्ति नव्हे. ती संसाराची सोय आहे.

या खोलींत उजेड येतो तो 'शोजि'मधून. शोजि म्हणजे लांकडी चौकटीवर कागद चिकटवून केलेलें सरकतें तावदान. हा कागद तुतीच्या कुळांतील एका झुडपाच्या सालीपासून करीत आले आहेत. साल शिजवून कुटतात, तिचे तंतु पाण्यांत कालवतात, आणि त्यांत भेंडीच्या जातीच्या एका झाडाच्या मुळांचा बुळबुळीत रस घालतात. त्या रसामुळें तंतु तळाशीं न बसतां सारखे पसरतात, आणि कागद पातळ असूनही चिवट होतो. अशा हातकागदाच्या तीन प्रकारांची कला २०१४ सालीं युनेस्कोनें आपल्या यादींत नोंदली. वर्षअखेरच्या साफसफाईंत शोजीचा कागद बदलण्याची चाल आहे. मधेंच एखाद्या मुलाच्या बोटानें भोंक पडलें, तर कागदाचें फूल कातरून त्यावर चिकटवितात. नुकसान लपविण्यापेक्षां त्याला शोभा आणण्याची ही रीत मला फार आवडते.

आतां भांडीं. जपानी जेवणांत भाताची वाटी आणि रश्शाची वाटी हातांत उचलून घेतात. रस्सा पिण्यास चमचा नसतो. वाटीच ओठांस लावावयाची. म्हणून रश्शाची वाटी लांकडाची, वर लाखेसारखा झाडाचा चीक चढविलेली. लांकडांतून उष्णता हातास लवकर पोंचत नाहीं. भाताची वाटी मातीची अथवा चिनी मातीची. तिच्या तळाशीं एक उंच कडें असतें, त्यामुळें ती गरम असतांनाही धरतां येते. हात आणि ओठ यांनीं जणूं आकार ठरविला, कारागिरानें तो घडविला. यानागि सोएत्सु (१८८९–१९६१) या विचारवंतानें अशाच रोजच्या वापराच्या, नांव नसलेल्या कारागिरांच्या वस्तूंचें सौंदर्य लोकांस दाखविण्याचा ध्यास घेतला, आणि १९३६ सालीं तोकियोंत त्यांचें संग्रहालय उघडलें.

या सुंदर वाट्यांभोंवतीं कुटुंब पूर्वीपासून हसतखेळत बसत आलें असेल, असें आपण सहज धरून चालतों. वस्तुस्थिति निराळी आहे. जुन्या काळीं पुष्कळ घरांत प्रत्येकाची एक स्वतंत्र लांकडी पेटी असे. तिच्यांत त्याच्या वाट्या व काड्या असत; झांकण उलटें ठेवलें कीं त्याचें ताट होई. जेवण संपल्यावर वाटींत ऊन पाणी अथवा चहा ओतून तो प्यावयाचा, वाटी पुसावयाची, आणि परत पेटींत ठेवावयाची. बसण्याची जागा मानाप्रमाणें ठरलेली, आणि जेवतांना बोलणें गैर. मेइजि काळाच्या उत्तरार्धापासून शहरांत 'चाबुदाइ' नांवाचें ठेंगणें मेज पसरूं लागलें. त्याचे पाय मिटत, म्हणून जेवणानंतर तें भिंतीशीं उभें करतां येई. गोल मेजाला वरचें टोंक नाहीं आणि खालचेंही नाहीं. बाप, आई आणि मुलें एकमेकांचीं तोंडें पाहत जेवूं लागलीं. एका सुताराच्या साध्या वस्तूनें घरांतील माणसांचें नातें थोडें बदललें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

जें असें मिळालें, तें जाऊंही शकतें. दुसऱ्या महायुद्धानंतर इमारतींतील लहान बिऱ्हाडांत स्वयंपाकघराला जोडून उंच मेज व खुर्च्या आल्या. २०२० च्या जनगणनेंत जपानांतील सुमारें ३८ टक्के कुटुंबें एकट्या माणसाचीं निघालीं. एकट्यानें जेवण्याला तेथें निराळा शब्दच रूढ झाला आहे. २००५ सालीं आहारशिक्षणाचा कायदा झाला, आणि त्याखालच्या योजनेंत कुटुंबानें एकत्र जेवण्याच्या वेळा वाढाव्या हें एक उद्दिष्ट ठरविण्यांत आलें. जी गोष्ट कायद्याला सांगावी लागते, ती आपोआप चालत नाहीं, हें उघड आहे.

शेवटीं तेथील एक जुनी चाल सांगतों. घरांतील माणूस दूर प्रवासास किंवा युद्धावर गेला असतां त्याच्या नांवानें ताट वाढून ठेवीत. तो सुखरूप राहावा, उपाशी राहूं नये, ही इच्छा. त्याची वाटी, त्याच्या काड्या, आणि समोर कोणी नाहीं. जपानी घरांत आजही बहुधा प्रत्येकाची वाटी व काड्या वेगळ्या असतात, म्हणून कोण जेवायला आलें नाहीं हें वाट्या मांडणारीला आधीं कळतें. खोलींत जागा राखावयाची ती माणसांसाठीं. जपानी घराची तारीफ करतांना एवढें विसरूं नये. आणि आपल्या घरीं आज रात्रीं पानें मांडतांना कोणाची वाट पाहावयाची आहे, तेंही विचारून घ्यावें.