विधानसौध ते संसद: एआय कुठे, कशासाठी?

बंगळुरू : विधानसौधातल्या कर्नाटक विधानसभेत २२४ आमदार. जुलै २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात अध्यक्ष यू. टी. खादर यांच्या पुढाकाराने एआय कॅमेरे आले. कोण कधी आला, किती वेळ बसला, याची नोंद ते ठेवतात. (सही ठोकून सटकणे त्यामुळे जरा अवघड.)

दिल्ली : ‘संसद भाषिणी’साठी लोकसभा सचिवालय आणि इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय यांच्यात १८ मार्च २०२५ रोजी करार. कामे : जुन्या चर्चा व समिती-अहवालांचा अनुवाद, भाषणांचे लेखी रूपांतर, चॅटबॉट. सभागृहात कानावर पडणारा मराठी किंवा कन्नड अनुवाद मात्र दुभाष्यांचा. तो यंत्राच्या खात्यात टाकू नये.

ब्राझील : कनिष्ठ सभागृहाची ‘युलिसिस’ ही एआय प्रणाली, २०१८ पासून.

संसदांतील एआय वापराची मार्गदर्शक तत्त्वे : आंतर-संसदीय संघ (स्थापना १८८९, मुख्यालय जिनिव्हा), डिसेंबर २०२४. भर माणसाच्या देखरेखीवर, पारदर्शकतेवर, विदेच्या सुरक्षिततेवर. बंधनकारक नाहीत.

गल्लत नको : एआयवर कायदा करणे वेगळे, कायदेमंडळाने स्वतः एआय वापरणे वेगळे. युरोपीय संघाचा एआय कायदा (अमलात १ ऑगस्ट २०२४ पासून, तरतुदी टप्प्याटप्प्याने) पहिल्या प्रकारातला. विधानसौधातले कॅमेरे दुसऱ्या प्रकारातले.