इंजेक्शन स्वस्त, पाच आठवडे महाग

रस्त्यावरच्या कुत्र्यांना होणारा एक कर्करोग आहे. डॉक्टर त्याला टी.व्ही.टी. म्हणतात. तो एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातो, मुख्यतः समागमातून आणि कधी हुंगण्या-चाटण्यातूनही. आजारी कुत्र्याच्या पेशीच निरोगी कुत्र्याच्या अंगात रुजतात. लघवीच्या जागी फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ येते आणि रक्त ठिबकत राहतं. लोक दगड मारून हाकलतात. दिसायला इतका भयंकर असला, तरी हा रोग बरा होतो. व्हिन्क्रिस्टीन नावाचं औषध आठवड्यातून एकदा, साधारण चार ते सहा वेळा शिरेतून दिलं की बहुतेक कुत्री खडखडीत बरी होतात.

हे औषध फार महाग नाही. खर्च आहे तो मधल्या आठवड्यांचा. एकदा जाळीत सापडलेलं कुत्रं पुढच्या आठवड्यात गाडीचा आवाज आला तरी पळतं. त्यामुळे उपचार संपेपर्यंत त्याला निवाऱ्यात ठेवावं लागतं. त्या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून पुढचा डोस देण्याआधी रक्ततपासणी. औषधाचा अंश लघवीतून उतरतो, म्हणून पिंजरा धुणाऱ्याला हातमोजे. दोन वेळचा भात-चिकन, पिंजऱ्याची जागा, पाणी, वीज आणि हे सगळं रोज करणाऱ्या माणसाचा पगार. हा पगारच सगळ्यात मोठा खर्च, आणि त्यासाठी देणगी मागायला संस्थांना सर्वांत अवघड जातं.

जखमी पिल्लाचा फोटो मोबाइलवर फिरला की लोक भरभरून देतात. त्या हळवेपणाची मला मनापासून कदर आहे. पण त्या पिल्लाच्या नावाने आलेला पैसा त्याच्यावरच खर्च व्हायला हवा. त्याच्या शेजारच्या पिंजऱ्यात कंबरेतून लुळं पडलेलं कुत्रं असतं. पाठीच्या कण्याला मार बसल्यामुळे त्याला स्वतःहून लघवी होत नाही. दिवसातून दोन-तीनदा कुणीतरी हाताने पोट दाबून त्याची लघवी काढावी लागते, आणि हे काम त्याच्या आयुष्यभराचं असतं. अशा रोजच्या सेवेचा फोटो कुणी पुढे पाठवत नाही.

ही अडचण मुंबईच्या व्यापाऱ्यांनी फार पूर्वी ओळखली होती. १८३२ साली इंग्रज अंमलदारांनी शहरातली मोकाट कुत्री मारण्याचा सपाटा लावला. मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे इनाम होतं. पारशी समाज चिडून रस्त्यावर उतरला, दंगल झाली. पुढे दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभॉय आणि त्यांच्या सोबतच्या गुजराती व्यापाऱ्यांनी भुलेश्वरला पांजरपोळ उभी केली. तिच्या खर्चासाठी त्यांनी कापसासारख्या मालाच्या व्यापारावर लागा बसवला. माल हलला की त्यातला ठरलेला वाटा जनावरांना! एखाद्या दानशूराच्या लहरीवर त्यांनी भिस्त ठेवली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

आजच्या लहान संस्थेला असा लागा कुठला? भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या अनुदान योजना आहेत, पण त्यासाठी मंडळाची मान्यता हवी. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीत प्राणिकल्याण हा विषय येतो. मात्र तो पैसा घेण्यासाठी संस्थेकडे कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव आणि नोंदणीची कागदपत्रं लागतात. भाड्याच्या जागेत पत्र्याची शेड टाकून चार माणसांनी चालवलेल्या निवाऱ्याला तिथवर पोचायलाच वेळ लागतो. ट्रस्टची नोंदणी, दरवर्षीचं ऑडिट, देणगीदाराला ‘८०जी’ची करसवलत मिळावी म्हणून करायची खटपट, या सगळ्यासाठीही पैसा लागतो.

म्हणून महिन्याला न चुकता येणारे पाचशे रुपये मला एकदाच आलेल्या सहा हजारांपेक्षा मोठे वाटतात. वर्षाची बेरीज तीच, पण असे शंभर जण असले तर दरमहा पन्नास हजार येणार हे आधीच माहीत असतं. त्या भरवशावर एक माणूस नोकरीवर ठेवता येतो आणि त्याला रेबीजची लस आधीच टोचून घेता येते. लसी दोन ते आठ अंश तापमानात टिकतात. उन्हाळ्यात वीज गेली तरी त्या वाया जाऊ नयेत म्हणून फ्रिजला इन्व्हर्टर जोडता येतो. पावसाळ्यात जखमांत अळ्या पडलेली जनावरं एकामागून एक येऊ लागतात, तेव्हा ‘जागा नाही’ असं फोनवर सांगण्याची वेळ थोडी कमी येते.

टी.व्ही.टी.चं कुत्रं बरं झालं की नसबंदी आणि लसीकरण करून त्याला जिथून उचललं तिथेच सोडायचं, असा नियम आहे. कानाला खूण केलेली असते. गाडीचं दार उघडताच ते खाली उडी मारतं, जमीन हुंगतं आणि ओळखीच्या चहाच्या टपरीकडे सरळ चालू लागतं. निवाऱ्यात तोवर त्याचा पिंजरा धुऊन झालेला असतो.