घरकोंबडा की गृहस्थ?

घराबाहेर फारसा न पडणाऱ्या पुरुषाला आपल्या भाषेत ‘घरकोंबडा’ म्हणून हिणवितात. त्याच भाषेत ‘गृहस्थ’ हाही शब्द आहे, आणि त्याचा मूळ अर्थ ‘घरात राहणारा’ असाच आहे! आज बडोद्यातही अशी काही घरे आहेत की, आई सकाळी बँकेत किंवा इस्पितळात कामावर जाते आणि वडील घर व मुले सांभाळतात. कोणाची नोकरी सुटलेली असते, तर कोणी ती आपण होऊन सोडलेली असते. ‘तुझे वडील काय करतात?’ असे विचारले की, अशा घरातील मूल गोंधळते. त्याने काय उत्तर द्यावे, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

त्या घरात वेणीफणी, डबा, अभ्यास ही कामे असतातच. पण त्यांच्या जोडीला खेळही असतो. वडील ओणवे होऊन घोडा बनतात. घोडा डुलू लागला की पाठीवरच्या स्वाराला तोल सावरावा लागतो. कुस्तीत ते आपले बळ राखून धरतात, कधी मुद्दाम चीत होतात आणि मुलाने ‘पुरे’ म्हणताच थांबतात. अंगी बळ असले तरी ते आवरावे, दुसऱ्याच्या ‘पुरे’ला मान द्यावा, हा धडा मूल असे हसतखेळत शिकते. भातुकलीत हेच वडील पाहुणे होतात आणि रिकाम्या बोळक्यातील भातात मीठ कमी असल्याची तक्रार करतात. नसलेल्या भाताविषयी असे बोलता बोलता मुलाची कल्पना व भाषा दोन्ही वाढतात. मात्र नुसते खेळून खरकटी भांडी आईसाठी ठेवणाऱ्यास आम्ही गृहस्थ म्हणणार नाही.

मुलांत रमणाऱ्या पुरुषाचा गुजरातने मोठा गौरव केला आहे. गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) हे वकील होते. १९१३ मध्ये त्यांना मुलगा झाला. त्याला कसे वाढवावे, या विचारातून ते मॉंटेसोरीबाईंच्या शिक्षणपद्धतीकडे वळले. पुढे वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले व १९२० मध्ये तेथे त्यांनी बालमंदिर काढले. आपल्या ताराबाई मोडक यांनीही तेथे त्यांच्यासह काम केले. गिजुभाई काही घरी बसून राहिले नाहीत. पण मुलांशी खेळणे व त्यांना गोष्टी सांगणे हे पुरुषाचे जीवनकार्य होऊ शकते, हे त्यांनी दाखविले. लोकांनी त्यांना प्रेमाने ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, म्हटले.

स्वीडनमध्ये १९७४ पासून बालसंगोपनाची पगारी रजा आईप्रमाणे वडिलांनाही घेता येते. आपल्याकडे केंद्र सरकारच्या सेवेतील पित्याला मूल जन्मल्यावर १५ दिवसांची रजा मिळते. एवढ्या दिवसांत मूल मानही धरू लागत नाही!

म्हणून बालमित्रांनो, कोणी विचारलेच तर खाली मान घालू नका. ‘आमचे वडील घरी असतात; ते आम्हांला वाढवितात,’ असे स्वच्छ सांगा. आणि संध्याकाळी कमाटीबागेत मुलांमागे धावणारा एखादा बाप दिसला, तर त्याला रिकामटेकडा समजू नका. तो आपल्या कामावरच आहे.