होतकरू खेळाडूची पारख

बास्केटबॉल हा खेळ मुंबईच्या नागपाड्यासारख्या काही वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या रुजला असला, तरी आपल्याकडे तो घरोघरी पोहोचलेला नाही. अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉल तर पुष्कळांच्या कानावरूनही गेलेला नसेल. मग कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने या व्यासपीठावर हा विषय का काढावा, असे कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर असे की, सतरा वर्षांचा मुलगा पुढे काय होईल हे आज कसे ओळखावे, हा प्रश्न तिकडे दरवर्षी उघड्या मैदानावर आणि आकड्यांनिशी सोडविला जातो. त्यातही, ज्याच्यावर जाणत्यांनी फारशी मोहोर उमटविलेली नाही अशा मुलाची पारख कशी करावी, हा त्या प्रश्नाचा सर्वांत अवघड भाग. आज आपण तोच पाहणार आहोत.

तारे कोण लावतो?

अमेरिकेत शाळा संपवून महाविद्यालयात जाणाऱ्या खेळाडूंची प्रतवारी खासगी संस्था करतात. रायव्हल्स, २४७ स्पोर्ट्‌स, ईएसपीएन ही त्यांतली ठळक नावे. उत्तमांतल्या उत्तमांना पाच तारे, मग चार, तीन, दोन. आणि पुष्कळांना एकही नाही. पाच ताऱ्यांचे मुलगे साऱ्या देशातून दरवर्षी दोन-तीन डझनच निघतात. ड्यूक, केंटकी अशी मातबर महाविद्यालये प्रथम त्यांच्याच दारी जातात. उरलेल्यांना लहान महाविद्यालयांची वाट धरावी लागते.

ही प्रतवारी करणारे लोक मूर्ख नाहीत, लबाडही नाहीत. पण त्यांच्या कामाला दोन मर्यादा आहेत. पहिली ही की, जो नजरेसमोर येतो तोच त्यांना दिसतो. उन्हाळ्यात बूट बनविणाऱ्या बड्या कंपन्यांच्या आश्रयाने मोठ्या स्पर्धा भरतात, त्यांत जो संघ उतरतो त्यातली मुले पाहिली जातात. लहान गावातल्या, प्रवासाचा खर्च न झेपणाऱ्या मुलाचे नाव यादीत यायचे कसे? दुसरी मर्यादा अशी की, सतराव्या वर्षी जो मैदान गाजवितो तो पुष्कळदा शरीराने लवकर भरलेला असतो. त्याचे आजचे श्रेष्ठत्व खरेच असते. पण त्यातले कसबाचे किती आणि दोन वर्षे आधी आलेल्या दंडाचे किती, हे वेगळे काढणे कठीण.

जा मोरँट या मुलाची हकीकत पाहा. साउथ कॅरोलायना राज्यातील सम्टर या गावाजवळचा हा मुलगा कोणाच्या यादीत वर नव्हता. २०१६ साली एका शिबिरात तो मुख्य मैदानावर नव्हे, बाजूच्या छोट्या जागेत खेळत होता. मरी स्टेट या केंटकीतील महाविद्यालयाचे एक साहाय्यक प्रशिक्षक काही खाण्यासाठी म्हणून बाहेर पडले आणि त्यांची नजर तेथे गेली. तीन वर्षांनी, २०१९ साली, व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडले तेव्हा साऱ्या देशातून दुसऱ्या क्रमांकावर त्याचे नाव पुकारले गेले. माणसाचे नशीब खाण्याच्या दुकानाच्या वाटेवर अवलंबून असावे, ही काही चांगल्या व्यवस्थेची खूण नव्हे.

अपवाद आणि नियम

येथे एक सावधगिरी घेतली पाहिजे. अशा गोष्टी ऐकल्या की सभेत टाळ्या पडतात आणि श्रोता समजतो की, प्रतवारी म्हणजे निव्वळ थोतांड. ते खरे नाही. लेब्रॉन जेम्स २००३ साली शाळेतून बाहेर पडला तेव्हा तो यादीत पहिलाच होता. केव्हिन ड्युरँट २००६ साली दुसरा होता. दोघेही या खेळातील अव्वल पुरुष ठरले.

समजण्यासाठी एक हिशेब मांडू. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, २५ पाचतारी मुलांपैकी १० जण व्यावसायिक संघात पोहोचले, आणि १,००० बिनतारी मुलांपैकी २० जण पोहोचले. संघात मोजले तर बिनतारी दुप्पट दिसतील. पण पाचताऱ्यांत शंभरी ४० यशस्वी झाले आणि बिनताऱ्यांत शंभरी अवघे २. जे वर आले त्यांच्याच कथा आपण ऐकतो. मागे राहिलेल्या ९८० मुलांची कथा कोणी छापत नाही. म्हणून कोणत्याही बिनतारी मुलाविषयी विचार करताना सुरुवात या शंभरी दोनपासून करावी, आणि मग त्याच्यात काही विशेष दिसते काय, हे पाहत एकेक पायरी वर चढावे.

काय पाहावे?

प्रथम शरीर. बास्केटबॉलची कडी जमिनीपासून १० फूट उंच असते, तेव्हा उंचीला मोल आहेच. पण निव्वळ उंची फसवी असते. दोन्ही हात पसरले असता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती भरतात, हे जाणकार आवर्जून मोजतात. कारण चेंडू अडविताना डोके नव्हे, हात पोहोचावा लागतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाढ पुरी झाली आहे की व्हायची आहे. स्कॉटी पिपेन हा आर्कान्सामधील हॅम्बर्ग गावचा मुलगा. वडील कागदाच्या गिरणीत कामगार. पक्षाघाताने खुर्चीला खिळलेले. १९८३ साली तो सेंट्रल आर्कान्सा या लहानशा महाविद्यालयात गेला तो शिष्यवृत्तीचा खेळाडू म्हणून नव्हे, तर संघाचे सामान सांभाळणारा म्हणून. तेव्हा उंची सुमारे ६ फूट १ इंच. पुढील वर्षांत तो सहा-सात इंच वाढला. आणि बुटका असताना चेंडू खेळवत नेण्याचे जे कसब हाती बसले होते, ते तसेच राहिले. १९८७ साली तो देशात पाचवा निवडला गेला, आणि नंतर शिकागोच्या संघाबरोबर सहा अजिंक्यपदे मिळविली. उशिरा वाढणाऱ्या मुलाचा हाच फायदा: लहानाचे कसब आणि थोराचे शरीर.

दुसरे, आकडे, पण आकड्यांचे वजन ओळखून. एखाद्या मुलाने लांबवरून, तीन गुणांच्या रेषेबाहेरून, एका हंगामात १०० फेकी केल्या आणि ४२ साधल्या, की लोक त्याला तरबेज म्हणतात. पण ज्याची खरी ताकद शंभरी ३५ आहे, असा मुलगा १०० फेकींत केवळ योगायोगाने २६ पासून ४४ पर्यंत कोठेही जाऊ शकतो. शंभर हा आकडा आपल्याला मोठा वाटतो. पारखीच्या कामी तो लहान आहे. म्हणून जाणते लोक आणखी एक आकडा पाहतात: फ्री थ्रो. प्रतिपक्षाने आगळीक केली की खेळाडूला कडीसमोरच्या १५ फुटांवरच्या रेषेवरून, कोणी अडवीत नसताना, चेंडू फेकावयास मिळतो. तेथे ना घाई, ना धक्काबुक्की. उरतो तो केवळ हाताचा निर्मळपणा. त्यामुळे लांबच्या फेकी आज फारशा न साधणारा, पण फ्री थ्रोमध्ये शंभरी ८५ साधणारा मुलगा पुढे लांबूनही साधील, अशी आशा धरता येते. याच्या उलट, लांबून एक हंगाम चमकलेला पण फ्री थ्रोमध्ये शंभरी ६० वर अडलेला मुलगा दिसला, तर जरा थांबावे.

तिसरे, कोणाविरुद्ध? दुबळ्या संघांविरुद्ध केलेले ३० गुण आणि तुल्यबळांविरुद्ध केलेले १५ गुण यांची तुलना सरळ करता येत नाही. मुलगा मोठ्या संघापुढे गेल्यावर त्याच्या खेळातले काय टिकते आणि काय गळून पडते, ते पाहावे. धावण्याच्या जोरावर मिळविलेले गुण बहुधा गळतात. सहकाऱ्याला नेमक्या वेळी चेंडू देणे, प्रतिपक्षाचा चेंडू हिसकावणे, उसळलेल्या चेंडूखाली आधीच जाऊन उभे राहणे, या गोष्टी टिकतात. कारण त्या पायांपेक्षा डोळ्यांनी आणि डोक्याने होतात.

चौथे, चाल. मुलगा आज कोठे आहे यापेक्षा गेल्या वर्षी कोठे होता, हे विचारावे. आमच्या धंद्यातही हाच अनुभव आहे. लेथवर आलेला शिकाऊ उमेदवार पहिल्या महिन्यात किती जॉब काढतो, यावरून सुपरवायझर त्याची किंमत करतो. जुना कारागीर वेगळेच पाहतो. पोराने टूलला धार न सांगता लावून घेतली काय? माप चुकले, तर पुढच्या जॉबला तीच चूक पुन्हा झाली काय? ज्याची चूक दर वेळी नवी असते, तो शिकतो आहे असे समजावे.

संधी हीसुद्धा एक पात्रता

आता सर्वांत मोठ्या गोष्टीकडे येऊ. पारख करणारा समजतो की, मुलात जे आहे ते आपण मोजतो आहोत. पण मुलगा काय होईल हे तो कोठे जातो यावरही ठरते. स्टीफन करीचे उदाहरण घ्या. वडील नामांकित व्यावसायिक खेळाडू. पण मुलगा जेमतेम सहा फूट आणि काटकुळा. वडिलांच्याच महाविद्यालयाने, व्हर्जिनिया टेकने, त्याला शिष्यवृत्ती देऊ केली नाही. हवे तर विनाशिष्यवृत्ती ये, म्हणाले. तो नॉर्थ कॅरोलायनातील डेव्हिडसन या लहान महाविद्यालयात गेला. २००६ सालच्या पहिल्याच सामन्यात त्याने १३ वेळा चेंडू गमावला. दुसऱ्या एखाद्या ठिकाणी तो महिनाभर बाकावर बसला असता. प्रशिक्षक बॉब मॅककिलप यांनी त्याला खेळवत ठेवले, आणि पुढच्याच सामन्यात मिशिगनविरुद्ध त्याने ३२ गुण केले. २००८ साली त्याच्या संघाने राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या आठांत धडक मारली आणि कॅन्सससारख्या बलाढ्य संघापुढे अवघ्या दोन गुणांनी हार खाल्ली. २००९ साली तो सातवा निवडला गेला. पुढे तो व्यावसायिक खेळात दोनदा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि लांबच्या फेकीने त्याने खेळाचे रूपच पालटले.

येथे दोन्ही बाजू लक्षात घ्याव्यात. हाताचे कसब त्याचे स्वतःचे होते. पण तेरा चुका पोटात घालणारा प्रशिक्षक भेटला नसता, तर ते कसब जगाला केव्हा दिसले असते, कोणी सांगावे? मोठ्या महाविद्यालयातील पाचतारी मुलाला चुका करण्याची मुभा ताऱ्यांबरोबरच मिळते. बिनतारी मुलाला ती मुभा कमवावी लागते, आणि ती कमविण्यासाठी आधी मैदानावर जावे लागते. म्हणून त्याच्या भवितव्याचा अंदाज करताना त्याच्या जागेवर संघात आधीच किती जण आहेत, आणि प्रशिक्षक मुले घडवितो की केवळ निवडतो, हे विचारल्यावाचून अंदाज पुरा होत नाही.

पारख आणि भाकरी

हा प्रश्न केवळ खेळाच्या हौसेचा नाही. गरीब घरातल्या मुलाला ती शिष्यवृत्ती म्हणजे महाविद्यालयाची सारी फी असते. २०२१ पासून खेळाडूला आपल्या नावाच्या जाहिरातींचे पैसे घेता येऊ लागले, आणि २०२५ सालच्या एका न्यायालयीन तडजोडीनंतर महाविद्यालये स्वतःही खेळाडूंना पैसे देऊ लागली. याच काळात एका महाविद्यालयातून दुसऱ्यात जाऊन लगेच खेळण्याची मोकळीकही मिळाली. धनी बदलण्याचे स्वातंत्र्य हे कामगाराचे जुने मागणे. त्याचे आम्ही स्वागतच करू. पण त्याची एक किंमत आहे आणि ती भलताच माणूस देतो. बावीस वर्षांचा तयार गडी बाजारात मिळत असता सतरा वर्षांच्या कच्च्या मुलाला चार वर्षे घडविण्याची तसदी प्रशिक्षक का घेईल? शिकाऊ ठेवण्यापेक्षा तयार कारागीर आणावा, हे गणित आपल्याकडील कारखान्यांनाही ठाऊक आहे. यात पहिला बळी बिनतारी मुलाचा जातो.

खेळाडूंना हे कळू लागले आहे. न्यू हॅम्पशायर राज्यातील डार्टमथ महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघाने मार्च २०२४ मध्ये युनियनसाठी मतदान केले. १३ जण बाजूने, २ विरुद्ध. महाविद्यालयाने त्यांच्याशी वाटाघाटीस नकार दिला, आणि वर्षअखेर प्रतिकूल निर्णयाच्या भीतीने तो अर्ज मागे घ्यावा लागला. पण त्या तेरा मतांनी एक गोष्ट पटावर आणली: ज्याची पारख होते, त्यालाही त्या पारखीच्या अटींविषयी बोलण्याचा हक्क आहे.

तेव्हा तात्पर्य काय? बिनतारी मुलाविषयी कोणी विचारले, तर ‘होईल’ किंवा ‘होणार नाही’ असे एका शब्दात सांगू नये. पंचवीस मुलांत एखादाच फार वर जाईल, काही जण चांगले उपयोगी खेळाडू होतील, आणि बरेच जण पदवी घेऊन दुसऱ्या धंद्याला लागतील, असे पट्टीवर मांडावे. आणि हा मुलगा त्या पट्टीवर कोठे, ते वय, वाढ, हात, फ्री थ्रो आणि गेल्या वर्षीची चाल पाहून दाखवावे. मग वर्षाने ती पट्टी पुन्हा काढावी. आपल्या भाषेत शिकणाऱ्याला ‘उमेदवार’ म्हणतात, आणि त्या शब्दात उमेद आहे. पारख ही उमेदवारीच्या पहिल्या दिवशी एकदाच करावयाची नसते. ती उमेदवारी संपेपर्यंत चालू ठेवावयाची असते. एवढे जरी आपण आपल्या घरात, शाळेत आणि कारखान्यात पाळले, तरी पुष्कळ मुलांचे पहिले तेरा चेंडू माफ होतील.