हरवलेल्यांचा माग (भाग ७) : आधी हुकूम शोधा, मग नाव

भिक्षेकरी गृहात, अनाथाश्रमात किंवा मिशनच्या एखाद्या आश्रमात आयुष्य काढलेल्या नातेवाइकाचा शोध बहुतेक घरं नावापासून सुरू करतात आणि तिथेच अडकतात. गेल्या आठवड्यात आपण घरची बाजू पाहिली. कोतवाल बुक, शाळेचं जनरल रजिस्टर, जुने फेरफार यांवरून माणूस गावात निदान कधीपर्यंत होता, ते ठरवायचं. कर्जत तालुका १८९१पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. म्हणून त्याआधीच्या कागदपत्रांत कुलाबा नव्हे, ठाणे जिल्हा गृहीत धरायचा, हेही त्यात आलं. या आठवड्यात वेशीबाहेर पडू. माझं म्हणणं थोडक्यात असं : संस्थेत राहिलेल्या माणसाचा माग नावावरून क्वचितच लागतो. त्याला कुणाच्या हुकमाने आणि कुणाच्या खर्चाने आत ठेवलं, त्यावरून तो लागतो. नाव सांगणारा बदलतो, लिहिणारा बदलतो. हुकमाला मात्र तारीख असते, कलम असतं आणि त्याची नक्कल दुसऱ्या कचेरीत पडलेली असते.

हे केवळ आपल्याकडचं नाही. इंग्लंडमध्ये १८३४च्या कायद्यानंतर गावोगावच्या गरिबांना वर्कहाउसमध्ये कामाला जुंपलं जाई. त्यांचे वंशज आज शोध घेतात तेव्हा त्यांना सर्वांत बोलका कागद सापडतो तो खर्चाच्या भांडणाचा. या म्हाताऱ्याला पोसायचं कोणत्या पॅरिशने, असा वाद निघाला की त्याचा जन्म कुठला, चाकरी कुठे केली, लग्न कुणाशी झालं याची जबानी लिहून घेतली जाई. ती लिहिणाऱ्यांना वंशावळीत रस नव्हता, पैसे वाचवण्यात होता. तरीही कुटुंबाचा इतका तपशील दुसऱ्या कुठल्या कागदात क्वचितच मिळतो. आपल्याकडे १८७४च्या कायद्यात सरकारी वर्कहाउसची तरतूद झाली ती भटक्या युरोपियनांसाठी. आपल्या खालापूर तालुक्यातल्या लोधिवलीच्या माणसासाठी वेगळी दारं होती, पण नियम तोच लागू पडतो.

समजा, लोधिवलीच्या वाडीवरचा एक कातकरी १९६५च्या सुमारास कोळशाच्या भट्टीवर कामाला म्हणून गेला, तिथून मुंबईला पोचला आणि परत आलाच नाही. घरच्यांच्या कानावर एवढंच आलं, की त्याला ‘गाडीत घालून नेलं’. हे तीन शब्द त्याच्या नावापेक्षा मोलाचे आहेत. १९५९च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने पोलिसांना भीक मागणाऱ्याला वॉरंटशिवाय पकडता येत होतं. न्यायालय थोडक्यात चौकशी करून त्याला किमान एक आणि कमाल तीन वर्षं संस्थेत ठेवण्याचा आदेश देई. पुन्हापुन्हा सापडला तर मुदत दहा वर्षांपर्यंत जाई. म्हणजे त्या एका माणसाचा कागद निदान तीन ठिकाणी तयार झाला : पोलीस ठाण्यात, न्यायालयात आणि भिक्षेकरी गृहात. शिवाय आदेश देताना माणसाचं वय, त्याची परिस्थिती आणि परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल न्यायालयाने विचारात घ्यावा, असं कायदाच सांगतो. आपल्याला हवा तो हा अहवाल. ‘गाव खालापूरकडे, भाऊ भट्टीवर’ एवढं जरी त्यात सापडलं, तरी नाव चुकीचं लिहिलेलं असूनही माणूस ओळखता येतो. मूल असेल तर कायदा बदलतो, वाट तीच राहते : १९२४च्या मुंबई बालक कायद्यापासून आजच्या बाल कल्याण समितीपर्यंत, मुलाला संस्थेत ठेवायला कुणाचा तरी लेखी आदेश लागतोच.

यावर पहिला आक्षेप असा, की मिशनच्या आश्रमांना कुठे हुकूम लागत होता? दुष्काळात मुलं उचलली, बाप्तिस्मा दिला, नाव बदललं, विषय संपला. आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धंच. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९००च्या दुष्काळात गुजरातेतून मुली आणि बायका केडगावच्या मुक्ती सदनात आणल्या. अशा मुलीचं मूळ गाव दौंड तालुक्याच्या दप्तरात शोधून सापडणार नाही. ती कोणत्या दुष्काळात, कोणत्या मुलखातून आली, हे आधी ठरवावं लागतं. इथे हुकमाची जागा घेते ती येण्याची तारीख. बाप्तिस्म्याच्या वहीत आईबापांचा रकाना कोरा असला, तरी तारीख आणि विधी करणाऱ्या धर्मगुरूंचं नाव असतं. एकाच दिवशी अनेक मुलांचा बाप्तिस्मा झालेला दिसला, तर ती मुलं एकाच तुकडीतून आली असण्याची शक्यता असते. पुढे त्या मुलीचं लग्न झालं असेल, तर १८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्याच्या नमुन्यात वय, राहण्याचं ठिकाण आणि वडिलांचं नाव यांना स्वतंत्र रकाने होते. आश्रमात येताना जे नाव कुणी विचारलं नाही, ते कधीकधी लग्नाच्या वेळी लिहिलं गेलेलं असतं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : माणसाला स्वतःलाच नाव आठवत नसेल तर? याचं उत्तर आपल्या तालुक्याच्या शेजारीच आहे. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८मध्ये सुरू केलेल्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेचं केंद्र कर्जतला आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उपचार देऊन घरी पोचवण्याच्या या कामासाठी डॉ. भरत वाटवानींना २०१८चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हजारो माणसं तिथून देशभरातल्या आपापल्या घरी गेली. तिथे शोध उलट्या दिशेने चालतो, संस्था कुटुंबाला शोधते. रुग्ण बरा होऊ लागला की बोली, देवस्थान, बाजाराचं गाव, जवळचं स्टेशन असे धागे बोलण्यातून निघतात आणि त्यांवरून घर गाठलं जातं. तेव्हा शोध घेणाऱ्या घरानेही नुसतं नाव देऊ नये. बोली, गोंदण, जुन्या जखमेचा व्रण, जत्रेचा देव, आजोळ हेही लिहून द्यावं. शिवाय २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १००प्रमाणे असा बेघर रुग्ण सापडला की पोलिसांनी बेपत्ता व्यक्तीची नोंद करून कुटुंबाचा शोध घ्यायचा असतो. म्हणजे इथेही संस्थेबाहेर एक कागद तयार होतो.

तिसरं म्हणणं कचेऱ्यांत हमखास ऐकू येतं : रेकॉर्ड नष्ट झालं. ते खरंही असू शकतं. सरकारी दप्तरात ‘अ’ वर्गाचे कागद कायम ठेवतात, ‘ब’ वर्गाचे तीस वर्षं, ‘ड’ वर्गाचे जेमतेम एक वर्ष. पण एका कचेरीतला कागद गेला म्हणजे तिन्हींतले गेले, असं होत नाही. म्हणून ‘अमुक व्यक्तीची माहिती द्या’ असा मोघम अर्ज करू नये. अमुक काळातली प्रवेश नोंदवही आणि ती नष्ट केली असल्यास नष्ट केल्याची यादी, अशी मागणी माहिती अधिकारात करावी. अर्जाला दहा रुपये लागतात. आश्रमच बंद पडला असेल, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात न्यासाच्या नोंदीवरून त्याचं दप्तर आणि मालमत्ता कुणाकडे गेली, ते विचारता येतं.

शेवटचा आक्षेप नैतिक आहे : ज्याला घरी यायचं नव्हतं, त्याला शोधायचं कशाला? जिवंत माणसाच्या बाबतीत हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. पत्ता मिळवणं हा नातेवाइकाचा हक्क नाही. भेटायचं की नाही, ते त्या माणसाने ठरवायचं. संस्थेकडे पत्ता मागण्याऐवजी ‘आमचं पत्र त्यांना द्या’ एवढंच म्हणावं. दत्तक गेलेल्या मुलाच्या नोंदी गोपनीय असतात आणि मूळ शोधायचा की नाही, हा निर्णयही त्या मुलाचाच. मृताच्या बाबतीत मात्र नोंद दडवून त्याची अब्रू वाढत नाही. भिक्षेकरी गृहात जाणं हा त्याचा गुन्हा नव्हता, त्याची गरिबी होती.

तेव्हा पुढचा भाग येण्याआधी एवढं करा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि नावाबरोबरच कोण घेऊन गेलं, कोणत्या साली, कोणत्या स्टेशनावरून, हेही विचारा. मिळालेलं उत्तर तारीख घालून लिहून ठेवा. पुढच्या आठवड्यात त्यावरून अर्ज कसा लिहायचा, ते पाहू.