विटकरी रंगाची वाट

पंखे बंद आहेत. चालू केले की बर्नरच्या ज्योती फडफडतात. बाहेर ऑक्टोबरचं ऊन, आत तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयाची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा. बारावीची २० जणांची बॅच. ॲप्रन पाठीला चिकटलेत.

दारालगतच्या ओट्यावर आयोडीन. बटाट्याच्या फोडीवर तपकिरी थेंब पडतो आणि पसरता पसरता निळाकाळा होतो. शेजारची मुलगी भाताच्या पेजेची निळी परीक्षानळी ज्योतीवर धरते. रंग उडतो. नळी स्टँडला लावून ती थांबते. निवता निवता निळा रंग परत येतो. स्टार्चच्या मळसूत्री साखळीत अडकलेलं आयोडीन तापल्यावर सुटतं, निवल्यावर पुन्हा अडकतं. ती तिसऱ्यांदा तेच करून बघते. मॅडम थांबवत नाहीत. मला हे फार आवडतं.

कर्बोदकं ओळखायच्या मॉलिशच्या चाचणीपाशी मात्र सगळे दोन पावलं मागे. संहत सल्फ्युरिक आम्ल मॅडम स्वतः नळीच्या कडेने सोडतात. दोन थरांच्या मध्ये जांभळं कडं उमटतं.

खरी रांग खिडकीशी आहे, उकळत्या पाण्याच्या चंचुपात्रापाशी. पात्र एकच, म्हणून प्रत्येक नळीच्या गळ्याला नंबराची चिठ्ठी. २ मिली बेनेडिक्टचं द्रावण, वर नमुन्याचे ८ थेंब, मग ३ ते ५ मिनिटं उकळत्या पाण्यात. वाफ चेहऱ्यावर येते. कुणी बोलत नाही. ग्लुकोजची नळी आधी हिरवट होते, मग पिवळी, नारिंगी. शेवटी तळाशी क्युप्रस ऑक्साइडचा विटकरी साका.

पाच नंबरची नळी निळीच. तीत साखर आहे.

"मॅडम, माझं चुकलं."

"निळं दिसतंय ना? मग निळंच लिही."

तो शेजाऱ्याच्या जर्नलवरची नजर काढून घेतो. लिहितो. साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आपल्या क्रियाशील टोकांनीच एकमेकांना जोडलेले असतात. बेनेडिक्टमधल्या तांब्याशी क्रिया करायला टोक मोकळं उरत नाही.

तो नवी नळी घेतो, पाच नंबरचीच चिठ्ठी तिला लावतो. साखरेचं द्रावण, विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब. उकळतो, निववतो. चिमूटचिमूट खायचा सोडा टाकतो. फस्स. आणखी एक चिमूट. बुडबुडे थांबतात. आता बेनेडिक्ट.

घंटा होते. स्टूल सरकतात, पण खिडकीशी कुणी हलत नाही. मुलगीही पेजेची नळी ठेवून येते. वाफेतून पाच नंबरची चिठ्ठी दिसते, ओली, कडेने सुटत आलेली.

निळ्यात हिरवट झाक.